रेहान ठेवायचंय? आधी 'हे' कोणती ते बघा

मुलाचं नाव अरबी ठेवायचं ठरलं असेल तर फोन जरा बाजूला ठेवा आणि ते नाव उर्दू अक्षरांत कागदावर लिहून घ्या. स्वतःला येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडून लिहून घ्या. अर्थ काय, मूळ कुठलं, कुराणात आहे का, हे सगळं त्यानंतर. आमच्याकडे कोल्हापुरात बहुतेक घरांत उलटं चालतं. फोनवरचा अर्थ आधी पसंत पडतो, मग घरात नाव ठरतं, मग कार्ड छापायला जातं आणि कार्ड छापणाऱ्याने "उर्दूत कसं लिहू?" असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

मी उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झाले. शाळा सुटली, नावं काही सुटली नाहीत. कुणाकडे बाळ झालं की फोन येतो, "खाला, जरा बघा की, हे नाव चालतंय का?" आणि हल्ली ते नाव बऱ्याचदा रेहान असतं. म्हणून रेहान हेच नाव हातात घेऊन रीत सांगते. तुमच्या मनात दुसरं असेल तरी ह्याच क्रमाने जा.

पाच अक्षरं

रेहान उर्दूत असं लिहायचं: रे, ये, बडी हे, अलिफ, नून. यातल्या बडी हेकडे सगळं लक्ष द्या. अरबीत दोन 'ह' आहेत. एक घशातून जोर लावून येतो, तो हसन, हुसेन, हमीद, मोहम्मद यांच्यात आहे. ती बडी हे. दुसरा आपला साधा, हारून आणि इब्राहीममधला. ती छोटी हे. देवनागरीत दोघांना एकच अक्षर, त्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्या आईबापांना हा फरक दिसायचं काही कारणच नाही. पण अर्थ तिथेच ठरतो.

बडी हे घातली तर रेहान म्हणजे सुवासिक वनस्पती. छोटी हे घातली तर शब्द दुसऱ्याच घराण्यात जातो. उर्दूत 'रेहन' म्हणजे गहाण, ते त्या घराण्यातलं. कुराणात सूरह बकरा या अध्यायाच्या २८३ व्या आयतीत सांगितलंय की प्रवासात असाल आणि कर्जाचा कागद लिहायला कुणी मिळाला नाही तर वस्तू गहाण ठेवून घ्या. त्या गहाणवस्तूंसाठी तिथे जो शब्द आहे तो 'रिहान'. आता शाळेच्या दप्तरांवर बघा, 'रिहान' लिहिलेली किती पोरं दिसतात! आईबापांच्या मनात सुगंधच असतो हो, पण कागदावर पोरगं गहाण पडलेलं असतं. म्हणून मराठीत लिहिताना रेहान लिहा किंवा मूळ उच्चाराच्या जवळचं रैहान लिहा. रिहान नको.

काही घरांतली बुजुर्ग माणसं अबजद काढतात, म्हणजे प्रत्येक अक्षराची ठरलेली किंमत घेऊन बेरीज करतात. त्यावरून नशीब बघणं मला पटत नाही. पण स्पेलिंग तपासायला ही बेरीज झकास आहे. रे २००, ये १०, बडी हे ८, अलिफ १, नून ५०, एकूण २६९. कुणी हिशेब करून २६६ सांगितले तर समजा की त्याने छोटी हे धरलीय, कारण तिची किंमत ५.

मूळ शोधायचं कसं

अरबी शब्द बहुतेक तीन अक्षरांच्या मुळातून निघतात. सीन-लाम-मीम घेतलं की सलाम, सलीम, सालिम, इस्लाम, मुस्लिम ही सगळी त्यातली. बडी हे-मीम-दाल घेतलं की हमीद, हामिद, अहमद, महमूद, मोहम्मद. नावाची भावंडं दिसली की अर्थाचा अंदाज आपोआप येतो, आणि फोनवर कुणी काहीही फेकलं असेल तर ते तिथेच पकडलं जातं. रेहानचा अर्थ 'राजा' आणि 'तारा' असाही लोकांनी मला फोन पुढे करून दाखवलाय. दोन्ही खोटं.

रेहानचं मूळ अरबी कोशकार रे-वाव-हे (बडी हेच) असं धरतात. आता त्याची भावंडं बघा. रूह म्हणजे प्राण, रीह म्हणजे वारा, राइहा म्हणजे वास आणि राहत, जी आपण रोजच्या बोलण्यात वापरतो, म्हणजे आराम. श्वास, वारा, वास, विसावा. एका मुळात एवढं सगळं असताना 'राजा' कशाला हवा? हिब्रूतसुद्धा वासाला 'रेआह' असाच शब्द आहे, म्हणजे हे घराणं अरबीपेक्षाही जुनं आहे.

घरी बघायला उर्दूचा कुठलाही बरा लुगत, म्हणजे शब्दकोश, चालतो. अरबी कोश घेतलात तर एवढं लक्षात ठेवा की त्यातले बरेचसे मुळानुसार लावलेले असतात. रेहान 'रे-ये' खाली शोधत बसलात तर दमाल, 'रे-वाव-हे' खाली जा. फारसीमार्गे मराठीत आलेल्या शब्दांसाठी आपल्याकडे माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश आहे, १९२५ चा. पटवर्धन म्हणजे कवी माधव ज्युलियन, जे इथे राजाराम कॉलेजात शिकवत होते. सगळी नावं त्यात मिळणार नाहीत, पण नाव अरबी की फारसी हा घोळ सोडवायला त्याची मदत होते.

तो घोळ मोठा आहे. दिलावर, अरमान, शहाबाज ही फारसीकडची नावं. अल्लाबक्षमध्ये अल्ला अरबी, बक्ष फारसी. कोल्हापूर दरबारचे गायक उस्ताद अल्लादियाँ खाँ यांच्या नावात तर 'अल्ला' अरबी आणि 'दिया' सरळ हिंदी. यात कमीजास्त काही नाही, सगळी नावं चांगली आहेत. फक्त कार्डावर "अरबी नाव" असं मिरवणार असाल तर ते अरबी असावं, इतकंच.

कुराणात आहे का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. रेहानच्या बाबतीत उत्तर सोपं आहे: हो, दोनदा. सूरह रहमानच्या १२ व्या आयतीत धान्याच्या जोडीने येतं, 'वल्-हब्बु जुल्-अस्फि वर्-रैहान', म्हणजे पातीतलं, भुश्शातलं धान्य आणि सुवासिक वनस्पती. जमिनीने माणसाला काय काय दिलं ते मोजताना हा शब्द आलाय. पोटाला धान्य आणि नुसत्या वासासाठी रेहान, दोन्ही एका ओळीत. मला ही ओळ फार आवडते. दुसऱ्यांदा सूरह वाकिआच्या ८९ व्या आयतीत, अल्लाच्या जवळच्या बंद्यांच्या मृत्यूनंतरच्या सुखाचं वर्णन करताना, 'रौह' आणि 'रैहान' शेजारी शेजारी येतात. एकाच मुळातली दोन भावंडं. जुन्या भाष्यकारांनी रैहानचा अर्थ रिज्क, म्हणजे दाणापाणी, असाही केलाय.

हदीसमध्येही, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींतही, आहे. हसन आणि हुसेन या नातवांना पैगंबर माझे या दुनियेतले दोन रैहान म्हणत, हे बुखारी या हदीससंग्रहात आहे. कुणी रेहान देऊ केला तर नाकारू नका, तो हातात हलका आणि वासाला छान असतो, हे मुस्लिम नावाच्या दुसऱ्या संग्रहात आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवायला एवढं पुरे होतं.

पण एखादा वाचलेला माणूस दुसरी हदीस काढेल, त्याची तयारी ठेवा. तीत कुराण वाचणाऱ्या ढोंगी माणसाला रैहानाची उपमा दिलीय: वास गोड, चव कडू. बरोबर आहे, तीही बुखारी-मुस्लिममध्ये आहे. माझं उत्तर असं असतं की ज्या जिभेने नातवांना रैहान म्हटलं त्याच जिभेची ही उपमा आहे. झाडाची चव कडसर असते, म्हणून मुलाचं नाव वाईट ठरत नाही. एवढ्यावर तो माणूस सहसा चहा घेतो.

झाड ओळखा

'सुवासिक वनस्पती' हा अर्थ कोरडा वाटतो. झाड बघितलं की नाव अंगाला लागतं. आणि हे झाड तुम्ही बघितलेलं आहे. इराणात जेवणाबरोबर ताटात पाला ठेवतात, त्यातला रेहान म्हणजे आपला सब्जा. फालुद्यात फुगलेलं काळं बी असतं ना, त्याचं झाड. आपल्याकडे दर्ग्याबाहेर गुलाबाच्या पाकळ्यांबरोबर जी हिरवी वासाची पानं बांधून मिळतात तीसुद्धा हीच. कबरीवर आपण सब्जा घालतो आणि पाळण्यात रेहान ठेवतो, एकच झाड.

वनस्पतिशास्त्रात सब्जा आणि तुळस एकाच ऑसिमम कुळीतले. शेजारच्या वृंदावनातली तुळस ही रेहानची सख्खी चुलतबहीण झाली. हे मी आमच्या गल्लीतल्या एका आजींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बारशाला मी येणारच की गं, आमच्याच घरातला हाय."

अरबीत मात्र हा शब्द एका झाडाला बांधलेला नाही. जिथे जे वासाचं झाड, तिथे ते रेहान. स्पेन आणि मोरोक्कोकडे मेंदीसारख्या पानांच्या मर्टल झुडपाला रेहान म्हणायचे. ग्रॅनडाच्या अल्हम्ब्रा महालातल्या एका चौकाचं नाव आजही त्या झुडपांवरून 'पातियो दे लोस अर्रायानेस' असं आहे. त्यातला 'अर्रायान' म्हणजे अरबी 'अर्-रैहान'च. अरबी सुलेखनाच्या सहा अभिजात लिपींतही एक रैहानी आहे. मुलगा मोठा झाल्यावर त्याला स्वतःच्या नावाची लिपी शिकवता येईल.

हे नाव आधी कुणी लावलं

नाव ठरवताना ते लावणारी दोन-तीन माणसं शोधून ठेवा. मुलगा एक दिवस विचारतोच.

रेहानला सगळ्यात मोठं माणूस मिळतं ते अबू रैहान अल्-बिरुनी. जन्म ९७३ चा, मध्य आशियातल्या ख्वारिज्मचा. खगोल, गणित, भूगोल, सगळ्यात गती. महमूद गझनवीच्या काळात तो हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि इथल्या लोकांच्या ज्ञानावर, चालीरीतींवर १०३० च्या सुमारास मोठा ग्रंथ लिहून गेला. दुसऱ्याची भाषा शिकून मग त्याच्याविषयी लिहिणारा माणूस. शाळेत सांगायला यापेक्षा चांगलं काय?

दुसरा आपल्या दख्खनचा. पन्हाळा आदिलशाहीत होता त्या काळात विजापूर दरबारात मलिक रेहान नावाचा हबशी सरदार होता, तो पुढे इखलास खान म्हणून मोठ्या पदाला चढला. इथे एक कडू गोष्टही सांगते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांना मालक सुगंधांची आणि रत्नांची नावं देत: अंबर, काफूर, याकूत, रेहान. अहमदनगरचा मलिक अंबर त्यातलाच. म्हणजे एके काळी हे नाव बाजारात दिलं जाणारं नाव होतं, आणि ते लावून माणसं वजीरपदापर्यंत पोचली. मला यात लपवण्यासारखं काही वाटत नाही.

किती चालतंय हे कसं कळणार

इंग्लंडसारख्या देशात दरवर्षी बाळांच्या नावांची सरकारी यादी निघते. २०२३ च्या यादीत इंग्लंड-वेल्समध्ये मुलांत मुहम्मद पहिला होता; तिथे एकाच नावाची वेगवेगळी स्पेलिंगं वेगळी मोजतात, तरीही. आपल्याकडे अशी यादी नाही. त्यामुळे शाळेच्या हजेरीवर कान ठेवायचा.

मी शिकवायला लागले तेव्हा हजेरीत मीरासाहेब, दस्तगीर, गौस, मेहबूब, बंदेनवाज, इलाही अशी नावं असायची. मीरासाहेब हे तर खास आपल्या पट्ट्यातलं, मिरजेच्या ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यावरून. खेड्यातून आलेल्या पोरांत बाळासाहेब मुल्ला आणि राजू मुजावरही असत, त्याचं कुणाला नवल नव्हतं. तेव्हा रेहान जवळजवळ नव्हता, रेहाना होत्या. प्रत्येक वर्गात एखादी तरी. मग हळूहळू दर्ग्यांची नावं मागे पडली आणि अरबी वळणाचे छोटे, दोन आघातांत संपणारे शब्द पुढे आले: झैद, अयान, रय्यान, रेहान. सिनेमातल्या नायकांनी हातभार लावला आणि घरोघरी मोबाइल आल्यावर तर सांगलीच्या पोराचं आणि दुबईच्या पोराचं नाव एकच व्हायला लागलं. मला मीरासाहेबची आठवण येते. पण नवं नाव ठेवणाऱ्यांना त्यावरून टोमणे मारायला मी मोकळी नाही. माझ्या स्वतःच्या नातवाचं नाव मी सुचवलेलं नाही.

बाहेरच्या मुलुखात चाल वेगळी आहे. बांगलादेश, मलेशिया, इंडोनेशियात रैहान मुलाचं; तुर्कस्तान आणि इराणात रेहान बहुतेक मुलीचं. मुलगा पुढे तिकडे शिकायला गेला तर कुणी "मिस" म्हणून पत्र पाठवेल, त्याची तयारी असू द्या.

रय्यानशी गल्लत करू नका. ते वेगळं मूळ, अर्थ तहान भागलेला. रोजेदारांसाठी जन्नतचा जो दरवाजा सांगितलाय त्याचं नाव रय्यान. आणि रायन हे आयर्लंडकडचं. तिन्ही नावं एका वर्गात असली की बाईंचे हाल विचारू नका.

पुढेमागे काय जोडायचं

'अब्दुल' म्हणजे 'चा बंदा'. त्यापुढे अल्लाचंच नाव यावं लागतं. अब्दुल हमीद, अब्दुल करीम, अब्दुर्रहमान ठीक. अब्दुल रेहान म्हणजे सब्जाचा बंदा. हे मी खरोखर एका कार्डावर वाचलंय. मोहम्मद रेहान, रेहान अहमद, रेहानुद्दीन यांतलं काहीही चालेल. पण मोहम्मद लावणार असाल तर पूर्ण लिहा, 'मो.' किंवा 'मोहं.' लिहिलं की पुढे प्रत्येक कागदावर तो वेगळा उगवतो.

मग हाक मारून बघा. गच्चीवरून, जोरात, आडनावासकट. रेहान शिकलगार, रेहान पटवेगार, रेहान बागवान, छान बसतं. तालमीतली पोरं त्याचा रेहान्या करणार हे धरून चाला, कोल्हापुरात त्यातून कुणी सुटत नाही. आणि आजीला विचारा तिला उच्चारता येतंय का. दिवसातून सगळ्यात जास्त वेळा तीच घेणार आहे.

कागद

अकीका, म्हणजे बाळासाठीच्या कुर्बानीचा विधी, सातव्या दिवशी करतात, नाव त्याच दिवशी ठेवायची रीत. महापालिकेचं घड्याळ वेगळं चालतं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. तोवर नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद होऊ द्या. १२ महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणून दवाखान्यात फॉर्म भरताना घाईत काहीतरी लिहून देऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हा दाखलाच जन्माचा पुरावा आहे, आणि त्यावरचं स्पेलिंग जन्मभर मागे लागतं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर स्वतःचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव असं लागतं. मोहम्मद रेहान, मग आई, मग वडील, मग आडनाव, अशी पाच नावांची गाडी होते. रकान्यात मावते का बघा, नाहीतर मोहम्मद घरातच ठेवा आणि कागदावर नुसतं रेहान.

इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा. आर, ई, एच, ए, एन हे सरळ आहे. 'ई'नंतर 'वाय' किंवा शेवटी दोन 'ए' घालायची हौस असेल तर घाला, पण मग आधार, शाळा, बँक, सगळीकडे तसंच. एका कागदावर तीन ओळी लिहून न्या: मराठी, इंग्रजी आणि उर्दू. उर्दू ओळीत बडी हेखाली पेन्सिलीने रेघ मारा. ती कार्ड छापणाऱ्यासाठी. मराठी-इंग्रजी खिडकीवरच्या माणसाला दाखवा, त्याने टाइप केलेलं पडद्यावर बघू द्या म्हणा आणि दाखल्याची प्रिंट निघायच्या आधी एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. मागे रांग कितीही कुरकुरली तरी.